मागच्या सीटला ब्रेक नसतो

आमच्या घरात शनिवारी दूध उतू गेलं, की रविवारी ते सगळ्या चर्चभर वाहतं.

माझा नवरा पाळक आहे. रविवारी सकाळी झगा घालून व्यासपीठावर उभा राहतो आणि मंडळीला उपदेश करतो. बाकीचे पाळक उपदेश तयार करायला जाडजूड पुस्तकं उघडून बसतात म्हणे. आमच्या यांना पुस्तकं लागत नाहीत, बायको आहे ना घरात. मी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहिले, झाला उपदेश 'जागे राहा' या विषयावर. एक मोजा हरवला म्हणून मी कपाट उलटंपालटं केलं, तर त्यातून निघालं बायबलातलं हरवलेलं मेंढरू. पत्ते खेळताना मी चिडून डाव मोडला, तर त्याच्यावर पुढचा रविवार निघाला आणि थोडा उरला तो त्याच्या पुढच्या रविवारी वापरला. आम्ही सुट्टीला जावं, फिरायला जावं, नुसतं गच्चीत खुर्च्या टाकून बसावं, यांच्या डोळ्यांत एक चमक आली की मी समजायचं, आता आपण गेलो व्यासपीठावर.

आणि गंमत अशी, की या सगळ्या गोष्टींत चुकते मी आणि शिकतात ते. दरवेळी.

मी स्वतः ड्रायव्हिंग स्कूल चालवते. आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो मी दाबायचा. इतकी वर्षं दाबून दाबून माझा उजवा पाय आता माझं ऐकेनासा झालाय. कुणी चहाचा कप टेबलाच्या काठावर ठेवला तरी पाय आपोआप खाली जातो. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसते. वरून हे म्हणाले, 'परवाचीच गोष्ट, आमच्या घरी...' की गेलाच पाय. त्या बाकाखालच्या फरशीचं पॉलिश तेवढ्या जागी उडालंय. व्यासपीठ मात्र कधी थांबलेलं नाही.

सोमवारपासून लोक विचारतात, "पाळकीणबाई, मोजा सापडला का?" औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा विचारतो, जो चर्चला येतही नाही. राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं म्हणतात. माझी तर त्याहून पंचाईत. घरात काही बिनसलं की मंडळीतल्या बायका पाळकाकडे जाऊन मन मोकळं करतात. मी कुणाकडे जाऊ?

तरी मी हसून सोडून देत होते. मग ते गेटचं झालं.

चर्चच्या आवारात मी गाडी मागे घेत होते. हे मागे उभे राहून हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा आहे." आरसाभर तेच दिसत होते, गेट कुठे दिसायला. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी नमस्कार केला, हे वळून त्याची तब्येत विचारायला गेले, आणि माझी गाडी गेटवर. मागचा दिवा फुटला, गेटचा गज वाकला. मी कुणाला एक शब्द बोलले नाही. नवऱ्याची मूठ बायकोने झाकायची नाही तर कुणी झाकायची?

आणि रविवारी हे व्यासपीठावरून सांगतात, "दुसऱ्याला गाडी शिकवणारी माझी बायको परवा गेटवर जाऊन आदळली. तेव्हा बंधुभगिनींनो, जो शिकवतो त्याने आधी स्वतः सावध असावं." मंडळी पोट धरधरून हसली. 'येऊ दे, येऊ दे' कोण म्हणत होतं, याचा उल्लेख कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला. त्याची मुलगी माझ्याकडे शिकत होती, हात इतका छान बसला होता तिचा. तो दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, राग मानू नका. तिची आई घाबरलीय. पलीकडच्या स्कूलमध्ये घालतो तिला."

त्या संध्याकाळी मी यांना समोर बसवलं.

"अहो, आजपासून घरातलं घरात. माझी एकही गोष्ट व्यासपीठावर जाणार नाही."

"अगं, गमतीने सांगितलं मी. लोकांना त्यातून बोध..."

"बोध झाला लोकांना. बेकरीवाल्याला तर फारच झाला."

 त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दिलं वचन." आणि एक सांगते, माझा नवरा कसाही असला तरी शब्दाचा पक्का आहे. त्या दिवसापासून घरातली एक गोष्ट बाहेर गेली नाही.

तिथून उपदेशाचा जो काही चोथा झाला, काय विचारता. मेंढपाळ, द्राक्षमळे, मासे धरायची जाळी. या माणसाने मेंढरू चित्रात पाहिलंय, आणि होडीत पाय ठेवला की यांना मळमळतं. बोलताना स्वतःलाच जांभई यायची आणि ती झाकायला ते पाणी प्यायचे. मागच्या बाकावरचा सुतार उघड उघड घोरायला लागला. पूर्वी माझं हसं व्हायचं तेव्हा मला राग यायचा. आता हे वर उभे राहून शब्द चाचपडत होते आणि मी खालून ओठ हलवून त्यांना शब्द पुरवत होते.

एक दिवस चर्चचे खजिनदार चहाला आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, बोलणंही खिळा ठोकल्यासारखं. हे आत कपडे बदलत होते तेवढ्यात मला हळूच म्हणाले, "पाळकीणबाई, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? हल्ली घरचं काही कानावर येत नाही."

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

"मग साहेबांना झालंय काय? वरच्या कमिटीच्या अध्यक्षबाई येताहेत पुढच्या रविवारी. उपदेश ऐकणार आणि ठरवणार, यांना इथेच ठेवायचं की बदली करायची. हे असंच चाललं तर कठीण आहे हो."

 बदली म्हणजे माझं स्कूल गेलं. पोटाला चिमटे काढून उभं केलंय मी ते. आणि यांचं तर काय सांगू. कुठल्या आजींचा गुडघा दुखतो, कुठल्या मुलाला गणितात गोडी नाही, सगळं या माणसाला तोंडपाठ. दुसऱ्या गावी नेलं असतं तर वाळूनच गेले असते. मला भीती वाटली, अगदी सरळ भीती. पण वचन परत करू? लगेच बेकरीवाल्याचा चेहरा समोर यायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

सोमवारी यांची सुट्टी असते, म्हणून मीही त्या दिवशी शिकवण्या घेत नाही. दर सोमवारी आम्ही तळ्यावर फिरायला जातो. त्या सोमवारी तिथे जोडसायकली भाड्याने देणारा माणूस बसला होता. दोन सीटा, दोघांची पेडलं, हँडल मात्र पुढच्याच्या हातात. यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

"मी पुढे," हे म्हणाले.

"अहो, गाडी मी चालवते. तुम्हाला शिकवायला बसवलं तर तुम्ही खिडकीतून हात काढून लोकांना नमस्कार करत होतात."

"ही सायकल आहे गं. लहानपणापासून येते मला."

म्हटलं जाऊ दे, माणूस बऱ्याच दिवसांनी हसलाय. मागे बसले. बसल्या बसल्या पाय ब्रेक शोधायला लागला. मी सायकलवाल्याला विचारलं, "माझा ब्रेक कुठाय?"

तो म्हणाला, "बाई, मागच्या सीटला ब्रेक नसतो."

तळ्याच्या कडेने सपाट रस्ता होता तोवर झकास चाललं. वारा तोंडावर येत होता, हे काहीतरी गुणगुणत होते, मलाही वाटलं, चला, बरं केलं आलो ते. मग उतार लागला. उताराच्या तळाशी रस्ता वळतो आणि तिथे पाण्याच्या कडेला काळा चिखल आहे. मी म्हटलं, "ब्रेक लावा." हे म्हणाले, "विश्वास ठेव." मी म्हटलं, "विश्वास आहे, ब्रेक लावा." तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका म्हातारबाबांनी यांना ओळखून हात केला. आणि यांनी हँडलवरचा हात उचलून त्यांना हात केला.

रस्ता वळला, आम्ही सरळ गेलो. बदकं चारी दिशांना उडाली. हे तोंडावर चिखलात, मी त्यांच्या बाजूला, आणि सायकल माझ्या कोपरावर.

सायकलवाला धावत आला. "बाई, लागलं का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि हे चिखलातून उठले, चष्मा पुसला, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "ही मागे सारखी हलत होती ना, म्हणून तोल गेला."

 घरापर्यंत काही बोलले नाही. मी बोलायची थांबले की आमच्याकडे भांडी बोलतात. स्वयंपाकघरात मी पातेली लावत होते आणि हे दारात उभे होते, चिखलाच्या विजारीसकट, अस्वस्थ. मी ओळखलं. डोळ्यांत तीच चमक. गोष्ट सापडली होती आणि पोटात मावत नव्हती.

"सांगा," मी म्हटलं. "काय सापडलंय?"

"नको. वचन आहे."

"मला सांगा, व्यासपीठावर नको."

त्यांना तेवढंच हवं होतं. "अगं, बघ ना, मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नसतं, ब्रेक नसतो. तसाच आपला विश्वास. पुढे प्रभू आहे, आपण मागे. आपण मागून हललो, शंका घेतली, की..."

"की प्रभू चिखलात जातो?"

"तसं नाही गं..."

मग माझा तोल सुटला. "अहो, दूध मी उतू घालते, मोजा मी हरवते, गेट मी ठोकते, आता चिखलातही मीच पाडलं. तुम्ही काय करता? तुम्ही बोध घेता. माझ्या गोष्टी सांगू नका म्हटलं होतं मी. स्वतःच्या सांगायला कुणी बंदी घातली होती?"

"माझ्या?" हे म्हणाले. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य. "माझी कुठली गोष्ट आहे?"

केसांतून चिखल गळतोय, कानावर बदकाचं पीस चिकटलंय, आणि माणूस विचारतोय, माझी कुठली गोष्ट आहे. इतक्या रागात होते मी, तरी मला हसू फुटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, यावर हा माणूस दरवर्षी उपदेश करतो. मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "आंघोळ करा आधी. पीस काढा कानावरचं."

त्यांनी कानाला हात लावला, पीस काढलं, त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले.

आठवडाभर हे कुठल्यातरी विचारात होते. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे. मीही विचारलं नाही. कोपर काळंनिळं झालं होतं, गिअर टाकताना कळ यायची, पण लांब बाह्यांत लपून जायचं. शनिवारी म्हटलं, उद्या निदान द्राक्षमळा नको म्हणजे मिळवली.

रविवारी अध्यक्षबाई पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. ताठ बाई, चष्म्याची साखळी गळ्यात, हसणं घरी ठेवून आल्यासारख्या. खजिनदार मागे सारखे घसा खाकरत होते. सुतार येऊन जागेवर टेकला आणि झोपायच्या तयारीला लागला.

हे वर उभे राहिले. एदेनातली बाग, देवाने मनाई केलेलं फळ, ते खाऊन लपून बसलेला आदाम, सगळं रोजचंच. मला वाटलं, झाली बदली. मग हे म्हणाले, "पडलेल्या माणसाला देवाने पहिला प्रश्न काय विचारला? 'हे कुणी केलं?' असं नाही विचारलं. 'तू कुठे आहेस?' असं विचारलं. आधी माणसाची चौकशी, मग गुन्ह्याची. आणि आदामाने काय केलं? बायकोकडे बोट दाखवलं." समोरचं बायबल मिटलं. "गेल्या सोमवारी मी तळ्यावर जोडसायकल चालवत होतो."

माझा पाय गेला खाली.

त्यांनी सगळं सांगितलं. उतार, म्हातारबाबांना केलेला हात, बदकं. सुतार जागा झाला. लोक हसायला लागले, पण आज हसं माझं नव्हतं. "सायकलवाला परका माणूस," हे म्हणाले, "पण त्याने माझ्या बायकोला विचारलं, लागलं का. मी उठलो आणि म्हणालो, हिच्यामुळे पडलो. आदामाने निदान देवाने विचारेपर्यंत तरी धीर धरला होता. मी तेवढाही धरला नाही."

चर्च हसून हसून हललं. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं वाटत होतं, एकदा यांचीही जिरावी. आणि आता लोक यांना हसत होते तर मला ते सहन होत नव्हतं. बस झालं, म्हटलं मनात, उतरा आता खाली.

पण हे उतरले नाहीत. "अजून एक गोष्ट आहे," म्हणाले, "ती जास्त जड आहे. गेटची."

मी ब्रेक दाबला. असा दाबला की बूट फरशीवर करकरला. शेजारी अध्यक्षबाई बसल्या होत्या. पाळकाने व्यासपीठावरून अर्धी गोष्ट सांगून लोकांची दिशाभूल केली, हे त्यांच्यासमोर कबूल करायचं म्हणजे स्वतःच्या हाताने बदलीच्या कागदावर सही करायची. वरून यांची नजर माझ्या बुटावर गेली. हे थांबले. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा लागला ब्रेक.

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी. आणि पुढे गेले.

"गाडीच्या मागे मी उभा होतो. येऊ दे, भरपूर जागा आहे, असं मी म्हणत होतो, आणि मीच तोंड फिरवून गप्पा मारायला गेलो. तिचा आरसा मी अडवला होता. इथे उभं राहून मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. तुम्ही हसलात, आणि तिच्या कामावरचा लोकांचा विश्वास गेला. ती समोर बसली होती. तिला तेव्हाच उठून सगळं सांगता आलं असतं. तिने मला झाकलं. झाकणारं प्रेम कसं असतं हे मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवतोय, आणि माझ्याच घरी ते रोज माझ्या समोर बसून जेवत होतं."

मग कुणी हसलं नाही. मी खाली बघितलं. पाय कधी उचलला गेला, मला कळलंच नाही. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर अध्यक्षबाईंनी समोर बघणं न सोडता आपला पुढे केला.

उपासना संपल्यावर दारात त्या यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "व्यासपीठावरून अर्धी गोष्ट सांगितलीत, हे मला आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही," हे म्हणाले.

"पण उरलेली अर्धी सांगायला आपणहून उभा राहिलेला पाळक मी फारसा पाहिलेला नाही. इथेच राहा तुम्ही." दोन पावलं जाऊन वळल्या. "आणि कुणी गाडी मागे घेत असेल तर बाजूला व्हा."

खजिनदारांच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्यांना थट्टा सुचली. "काय साहेब, बदकांनी काय उपदेश केला?"

"खजिनदारसाहेब," मी म्हटलं, "चिखलात मीही होते. काय विचारायचं ते मला विचारा." ते लगेच दुसरीकडे गेले.

बेकरीवाला टोपी हातात धरून उभा होता. "बाई, मंगळवारी सकाळची वेळ रिकामी आहे का हो?"

"पाठवा तिला," मी म्हटलं.

घरी आलो. यांनी झगा खुंटीला लावला. मी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि कप काढायला वळले, तर हे तिथेच उभे.

"लागलं होतं का गं तुला?"

"कधी?"

"सोमवारी."

"सायकलवाल्याने विचारलं तेव्हा नाही म्हटलं ना मी."

"ते ऐकलं. पण मी विचारलंच नाही. वर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की विचारलं नाही, आणि अजूनही विचारलं नव्हतं."

मी बाही वर केली. काळंनिळं आता पिवळं पडलं होतं, खपली धरली होती. त्यांनी माझं कोपर दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिले. ना आदाम, ना एदेन, एक शब्द नाही. इतक्या वर्षांत बोलायला इतकं काही असताना हा माणूस गप्प राहिल्याचं मला आठवत नाही.  माझा सगळा राग तिथे संपला.

मागे दूध उतू गेलं. गॅसवर चरचरलं, करपल्याचा वास आला, दोघांनाही कळलं. कुणी हललं नाही.

ते दूध पुढच्या रविवारी चर्चमध्ये पोचलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं ते मी.